जखमी पक्षी घरी आणल्यावर पहिले काही तास

जो पक्षी माणसाच्या हाती लागतो, त्याची अवस्था वरून दिसते त्याहून कितीतरी वाईट असते. धडधाकट चिमणी आपल्याला चार पावलांवरही येऊ देत नाही. आजारी पक्षी मात्र शेवटपर्यंत आपण ठीक असल्याचं भासवत राहतो, कारण थव्यात जो मागे पडतो, ज्याचा पंख लोंबतो, त्याच्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते. अंगात थोडंसं त्राण असेपर्यंत तो ताठ बसतो, दाणे टिपल्यासारखं करतो, कुणी जवळ आलं की उडायची धडपड करतो. तेही जमेनासं झालं की तो आपल्याला सापडतो.

म्हणून त्याला उचलून आणल्यानंतरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात, आणि नेमके तेच आपल्या मायेपोटी वाया जातात. कुणी चोच उघडून पाणी सोडतं, कुणी दुधात भिजवलेला पाव भरवतं, कुणी मलम शोधून आणतं. मुलं भोवती गोळा होतात, कुणीतरी पाठीवरून हात फिरवत राहतं. हे सगळं चांगल्या मनाने होतं आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने पक्ष्याचा जीव जाऊ शकतो. काय करू नये याची नुसती यादी दिली तर ऐन गडबडीत ती आठवत नाही. पक्ष्याचं शरीर आतून कसं चालतं हे एकदा कळलं, तर मात्र कुठे हात आवरायचा हे आपलं आपल्याला समजतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. घरी करायची काळजी म्हणजे उपचार नव्हेत. पक्ष्याला जिवंत आणि शांत ठेवून जाणकार माणसापर्यंत पोचवणं, एवढंच आपलं काम. अनेक देशांत वन्य पक्षी घरात बाळगायला कायद्यानेही परवानगी नाही. त्यामुळे पक्षी खोक्यात ठेवला की लगेच फोन हातात घ्या आणि वन्यजीव बचाव केंद्र, वन विभाग किंवा पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघतात असं नाही, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या.

तो खरंच जखमी आहे का?

लोक 'जखमी' म्हणून उचलून आणतात त्यांतली कितीतरी पिल्लं ठणठणीत असतात. बऱ्याच जातींची पिल्लं नीट उडता येण्याच्या आधीच घरटं सोडतात. काही दिवस ती जमिनीवर, झुडपांत, फांद्यांवर टुणटुणत फिरतात आणि आई-बाप त्यांना तिथेच येऊन भरवतात. अंगभर पिसं आलेली, शेपूट आखूड, चोचीच्या कोपऱ्याला अजून पिवळसर कड, पायांवर भक्कम उभं राहणारं पिल्लू दिसलं तर त्याला तिथेच राहू द्या. मांजर किंवा रहदारीचा धोका असेल तर जवळच्याच झुडपात किंवा फांदीवर ठेवून लांब व्हा. तुम्ही शेजारी उभे असाल तोवर आई येणार नाही. लांबून, दाराआडून तास-दोन तास बघा.

उघडंवाघडं, डोळे मिटलेलं किंवा अंगावर नुसती लव आणि पिसांचे कोंब असलेलं पिल्लू मात्र घरट्यातच हवं. घरटं दिसत असेल तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज सर्वदूर पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पक्षी आपली पिल्लं वासावरून ओळखत नाहीत. घरटंच पडून मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली घ्या, तिच्यात सुकं गवत घाला आणि त्याच झाडावर, आधीच्या जागेच्या जवळ बांधा. पिल्लाची हाक ऐकून आई-बाप बहुतेक वेळा तिथे येऊ लागतात.

काही पक्षी जखमी नसतात, नुसते चुकीच्या जागी उतरलेले असतात. विळ्यासारखे लांब पंख आणि अगदी आखूड पाय असलेली पाकोळी जमिनीवर पडली की तिला सहसा पुन्हा उडता येत नाही. तिचे पाय चालायला किंवा उडी मारायला बनलेलेच नाहीत, उभ्या भिंतीला धरून लोंबकळण्यापुरते ते असतात. सामान्य पाकोळी दहा-दहा महिने सलग हवेत राहते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं आहे. अशा पाखराला 'उड' म्हणून हवेत भिरकावू नका. जखम असेल तर ते आपटून मरेल. मोकळ्या जागी, उंच धरलेल्या तळहातावर ठेवा आणि तिला तिचं निघू द्या. ती निघाली नाही तर खोक्यात ठेवा. टिबुकलीचंही असंच असतं. तिचे पाय शरीराच्या पार मागे असतात, पाण्यावर धावत गेल्याशिवाय तिला उडताच येत नाही. रात्री ओल्या चमकत्या रस्त्याला पाणी समजून ती उतरते आणि अडकून पडते.

याउलट काही वेळा मुळीच वाट पाहायची नसते. रक्त दिसतंय, एक पंख दुसऱ्यापेक्षा खाली लोंबतोय, पाय ओढला जातोय, मान वाकडी झालीय, डोळे अर्धवट मिटून पिसं फुगवून बसलाय, अंगावर माश्या घोंगावताहेत, किंवा मांजराच्या तोंडातून सुटलाय, यातलं काहीही असलं तर तो पक्षी उचला.

उचलायचं कसं

आपल्या छातीच्या आणि पोटाच्या मध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. तो खाली-वर होतो म्हणून आपण श्वास घेतो. छाती कुणी आवळली तरी हा पडदा आपल्याला काही काळ तारतो. पक्ष्यांना असा पडदा नाही. त्यांचं छातीचं हाड प्रत्येक श्वासाला पुढे येतं आणि मागे जातं, लोहाराच्या भात्यासारखं, आणि त्यावरच त्यांचा सगळा श्वास चालतो. चिमणी उडून जाऊ नये म्हणून मुठीत घट्ट धरली, तर वरून तिला काहीही झालेलं दिसत नाही, पण तो भाता बंद पडतो आणि ती हातातच गुदमरते. ही गोष्ट मी लोकांना पुन्हापुन्हा सांगत असतो, कारण असा मृत्यू केवळ धाकाने झाला असं लोकांना वाटतं.

त्यामुळे धरायचे ते पंख, छाती नाही. हलकं सुती कापड किंवा जुना रुमाल वरून अलगद टाका, डोकंही झाकू द्या. डोळ्यांपुढे अंधार झाला की बहुतेक पक्षी एकदम निवांत होतात. मग कापडासकट दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील असे दोन्ही बाजूंनी तळहात लावून उचला. छोट्या पाखराची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात येते, पाठ तळहाताला टेकते, बाकीची बोटं पंखांवर नुसती पिंजऱ्यासारखी ठेवायची, दाबायची नाहीत.

शिक्रा, घार, घुबड यांच्या चोचीची भीती सगळ्यांना वाटते, पण त्यांचं खरं हत्यार पंजे आहेत. जाड हातमोजे घाला आणि आधी पाय ताब्यात घ्या. पंजा हातात रुतलाच तर बोटं उचकटत बसू नका. पक्ष्याचा पाय हळूहळू सरळ ताणला की पकड सैल होते, कारण पाय दुमडला की बोटांचे स्नायुबंध ओढले जाऊन पंजा आवळतो. बगळा, पाणकावळा, खंड्या अशा लांब चोचीच्या पक्ष्यांना चेहऱ्याजवळ अजिबात आणू नका. चमकणाऱ्या डोळ्यावर ते नेम धरून चोच मारतात. चष्मा लावा, पक्षी हातभर लांब धरा, डोकं कापडाने झाका.

खोकं हेच औषध

पुठ्ठ्याचं साधं खोकं पुरतं. पक्ष्याला उभं राहता येईल आणि वळता येईल एवढं मोठं हवं, पंख पसरून फडफडता येईल एवढं नको. श्वासासाठी भोकं पक्षी आत ठेवण्याआधीच पाडून घ्या. आत पक्षी असताना टोचत बसलं तर प्रत्येक आवाजाला तो दचकतो. तळाला सुती कापड किंवा कागदी रुमाल अंथरा. आंघोळीचा टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या वेटोळ्यांत नखं अडकतात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरतात. तारेचा पिंजरा तर नकोच. घाबरलेला पक्षी जाळीवर आपटतो आणि पंखांची टोकं मोडून घेतो. एकेका मोठ्या पिसाची किंमत त्याला माहीत असते, कारण मोडलेलं पीस पुढची पिसं झडून नवी येईपर्यंत तसंच राहतं, आणि यात महिनेच्या महिने जातात.

आता अंधाराबद्दल. पक्ष्याच्या दृष्टीने आपण शिकारी आहोत. दोन डोळे समोर असलेला, मोठा, वरून झुकणारा प्राणी. आपण प्रेमाने कुरवाळतो तेव्हा त्याला आपण खाल्लं जात आहोत असंच वाटत असणार. चिमणीएवढ्या पक्ष्याचं हृदय शांत असतानाही मिनिटाला काही शे वेळा धडकतं, भीतीने ते आणखी कितीतरी वाढतं. आधीच रक्त गेलेलं, पोटात अन्न नाही, अशा शरीराला हा ताण पेलवत नाही आणि तो पक्षी कसलीही मोठी जखम नसताना मरतो. तो हात फिरवल्यावर डोळे मिटतो तेव्हा त्याला आवडलं असं समजू नका. तो भीतीने थिजलेला असतो. झाकण लावा, खोकं दुसऱ्या खोलीत न्या, टीव्ही बंद करा, मुलांना समजावून सांगा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून 'कसा आहे' बघायची इच्छा होते, ती आवरा. फोटोही काढू नका.

उबेचं गणितही आपल्यापेक्षा वेगळं आहे. पक्ष्यांच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सियस असतं. आपल्याला सुखद वाटणाऱ्या खोलीतही त्यांना ते टिकवण्यासाठी सतत इंधन जाळावं लागतं, आणि जखमी पक्ष्याकडे इंधनच उरलेलं नसतं. म्हणून पिसं फुगवून गोळा होऊन बसलेल्या पक्ष्याला बाहेरून ऊब द्या. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा. जास्त गरम झालं तर त्याला दुसऱ्या अर्ध्या भागात सरकता आलं पाहिजे. आतली हवा २८ ते ३० अंशांच्या आसपास पुरे. तो चोच उघडून धापा टाकू लागला, पंख अंगापासून दूर धरू लागला तर बाटली काढा. डोक्याला मार लागल्याची शंका असेल तर जास्तीची ऊब देऊ नका, त्याने सूज वाढते. अशा पक्ष्याला नेहमीच्या खोलीतली हवा बरी.

खोकं स्वयंपाकघरात कधीच ठेवू नका. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. साधारण नऊ हवेच्या पिशव्या ती आतून पुढे ढकलतात, त्यामुळे श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा फुप्फुसातून जाते. उडण्यासाठी ही रचना अप्रतिम आहे, पण हवेतलं विषही तेवढ्याच झपाट्याने रक्तात जातं. याच कारणाने ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत. १९८६ साली त्यांच्या जागी यंत्रं आणायचं ठरलं. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्यातून निघणाऱ्या वाफांनी पक्षी मिनिटांत मरू शकतो. सिगारेट, उदबत्ती, डासांची कॉइल, खोलीत मारायचे सुगंधी फवारे, सगळं लांब ठेवा.

पाणी पाजायचं नाही

हे सगळ्यात अवघड जातं. तहानेने मरतोय असं वाटणाऱ्या जिवाला पाणी द्यायचं नाही, हे मनाला पटत नाही. पण एकदा पक्ष्याची उघडलेली चोच जवळून नीट पाहिली की पटतं. जिभेच्या मुळाशी, अगदी समोर, एक बारीक चीर दिसते. पक्षी श्वास घेतो तशी ती उघडते, मिटते, पुन्हा उघडते. ती श्वासनलिका आहे. तिच्यावर आपल्यासारखी झाकणी नसते. ड्रॉपरने सोडलेला थेंब या चिरेवर पडला तर तो थेट फुप्फुसाकडे जातो. अर्धमेला पक्षी स्वतःहून गिळत नसतो, त्यामुळे धोका आणखी वाढतो. काही पक्षी तिथेच गुदमरतात, काही एक-दोन दिवसांनी न्यूमोनियाने जातात.

शिवाय थंड पडलेल्या शरीरात पचन जवळपास थांबलेलं असतं. तशात अन्न पोटात गेलं तर ते पचत नाही, सडतं, आणि उरलीसुरली शक्ती खर्च होते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ऊब, मग पाणी, सगळ्यांत शेवटी अन्न. मदत काही तासांत मिळणार असेल तर पाणी आणि अन्न दोन्ही वगळा. बचाव केंद्रातले लोक त्याला पातळ नळीने किंवा कातडीखाली सुई देऊन पाणी देतात, आणि पोट रिकामं असेल तर त्यांना भूल देणंही सोपं जातं.

मदत मिळायला दिवस लागणार असेल, पक्षी उबेत आलेला असेल आणि डोकं ताठ धरून बसलेला असेल, तर बशीसारख्या उथळ भांड्यात पाणी आत ठेवा. तो आपणहून पिऊ दे. कबुतरं चोच पाण्यात बुडवून ओढून पितात, बाकीचे बहुतेक पक्षी घोट घेऊन मान वर करतात. चोचीच्या कडेला ओल्या बोटाने एखादा थेंब लावायला हरकत नाही, तो स्वतः चाटेल.

दूध कुठल्याच पक्ष्याला नको. दुधातली साखर पचवणारं विकर त्यांच्या शरीरात नसतं, त्यामुळे जुलाब होतात आणि आहे तेही पाणी निघून जातं. पाव पोट भरतो, पोषण काहीच करत नाही. बाकी अन्न जातीनुसार. दाणे खाणाऱ्याला बारीक धान्य, किडे खाणाऱ्याला किडे-अळ्या, फळं खाणाऱ्याला मऊ फळ. शिकारी पक्ष्यांना नुसतं मांस सलग देत राहिलं तर वाढत्या पिल्लांची हाडं वाकतात, कारण बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतं. निसर्गात ते अख्खी शिकार हाडांसकट खातात. पक्षी कोणता हेच ओळखता येत नसेल तर काही देऊ नका, फोनवर फोटो पाठवून विचारा. झाकण उघडून फोटो काढण्याचं तेवढंच एक कारण योग्य आहे.

पक्षी किती दिवस उपाशी आहे हे अंदाजाने कळतं. खोक्यात ठेवताना छातीच्या मधोमध हाडाची उभी कड बोटाला लागते. धष्टपुष्ट पक्ष्यात तिच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं. उपाशी पक्ष्यात ती सुरीच्या धारेसारखी वर आलेली जाणवते. शिट हिरवीगार आणि अगदी थोडी असेल तर पोटात अन्न नाही, नुसतं पित्त बाहेर येतंय. ही दोन निरीक्षणं डॉक्टरांना सांगा, त्यांना फार उपयोगी पडतात.

पिल्लू वाढवणं हे वेगळंच काम आहे आणि ते घरी करू नये असं माझं ठाम मत आहे. किडे खाणाऱ्या पक्ष्याच्या पिल्लाला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी भरवावं लागतं. कबुतराचं पिल्लू तर चोच वासून मागतच नाही. ते आपली चोच आई-बापांच्या तोंडात घालतं आणि त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दाट चिकासारखा स्राव खातं. हे कौशल्य असलेली माणसं आहेत, पिल्लू त्यांच्याकडे द्या. दुसरा धोका मनाचा आहे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी दाखवून दिलं की अंड्यातून बाहेर आलेली हंसाची पिल्लं पहिल्यांदा दिसणाऱ्या हलत्या जिवाला आई मानतात. अशी पिल्लं खुद्द लोरेन्झ यांच्या मागे चालत असत. या कामासाठी त्यांना १९७३ चं नोबेल दोघा सहकाऱ्यांसोबत मिळालं. माणसाला आपला मानणारं घुबड किंवा कावळा पुढे ना जोडीदार शोधू शकतो, ना माणसाला घाबरतो, आणि माणसाला न घाबरणारा वन्य पक्षी फार दिवस जगत नाही.

जखमांबद्दल

पक्ष्याच्या अंगात वजनाच्या साधारण १० टक्के रक्त असतं. ३० ग्रॅमच्या चिमणीत म्हणजे तीन मिलिलिटर, चहाचा चमचाही भरत नाही. त्यामुळे आपल्याला क्षुल्लक वाटणारे दहा-बारा थेंब तिच्यासाठी गंभीर असतात. वाहतं रक्त दिसलं तर स्वच्छ कापसाच्या किंवा कापडाच्या घडीने दोन-तीन मिनिटं हलकेच दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका. नख तुटून रक्त येत असेल तर त्यावर मक्याचं पीठ दाबलं की थांबतं, पण उघड्या जखमेत पीठ भरू नका. नव्याने उगवणाऱ्या पिसाची दांडी निळसर, रक्ताने भरलेली असते. ती मोडली तर बरंच रक्त येतं, तीही तशीच दाबून धरा.

जखम धुवायचीच असेल तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट चहाचा चमचा मीठ घाला आणि त्याने हलकेच पुसा. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, ते चांगल्या पेशीही मारतं. तेलकट मलम तर मुळीच नको. पिसांचे सूक्ष्म आकडे एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून पाणी आणि थंडी आत शिरत नाही. मलम लागलं की ते आकडे चिकटतात आणि पक्षी थंडीने मरतो. खांद्याजवळचं पंखाचं हाड मोडून बाहेर आलं असेल तर त्यावर पाणीही ओतू नका. बहुतेक पक्ष्यांत ते हाड पोकळ असून हवेच्या पिशवीला जोडलेलं असतं. तिथे ओतलेलं पाणी श्वसनसंस्थेत जातं.

मोडलेला पंख घरी बांधू नका. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीची एक पातळ घडी असते, ती बांधलेल्या अवस्थेत आखडते आणि हाड जुळलं तरी पंख पुरता उघडत नाही. छातीभोवती घट्ट पट्टी बसली तर श्वास थांबतो, हे वर आलंच आहे. लहान खोकं हीच सध्यापुरती पट्टी. मात्र वेळ दवडू नका. पक्ष्यांची हाडं फार लवकर जुळतात, साधारण तीन आठवड्यांत, त्यामुळे चार-पाच दिवसांतच ती चुकीच्या जागी धरू लागतात. पुढच्या आठवड्यात नेऊ म्हटलं तर तो पक्षी कायमचा जमिनीवर आला असं समजा.

मांजराने धरलेल्या पक्ष्याबद्दल वेगळं सांगावं लागतं. अंगावर एकही जखम दिसत नाही, पक्षी तरतरीत वाटतो, म्हणून लोक सोडून देतात. मांजराचा दात सुईसारखा असतो, पिसांखाली त्याचं भोक दिसतच नाही. तोंडातला पाश्चुरेला नावाचा जिवाणू मात्र आत पोचलेला असतो, आणि प्रतिजैविक वेळेत मिळालं नाही तर एक ते तीन दिवसांत रक्तात विष पसरून पक्षी मरतो. मांजराच्या तोंडातून सुटलेला प्रत्येक पक्षी, कितीही ठीक दिसला तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला पाहिजे.

काचेवर आपटलेला पक्षी बधिर होऊन बसतो. त्याला अंधाऱ्या खोक्यात तास-दोन तास ठेवा, मग खोकं बाहेर नेऊन झाकण उघडा. सरळ, जोरात उडाला तर ठीक. मान वाकडी, एक बुबुळ मोठं, नाकातून रक्त किंवा तोल जात असेल तर त्याला उपचारांसाठी न्या. मेंदूतली सूज काही तासांनी वाढते, त्यामुळे थोडं अडखळत उडालेल्यालाही जाऊ द्यायचा मोह टाळा.

दोऱ्यात किंवा मासेमारीच्या तंगुसात अडकलेल्या पक्ष्याला आधी नीट धरा, मगच दोरा कापा. आधी कापला तर तो दोऱ्यासकट उडतो आणि पुढच्या झाडावर पुन्हा अडकतो. मांसात रुतलेला दोरा ओढू नका. सगळा दोरा निघाला आणि पक्षी उडू पाहतोय, तरीही लगेच सोडू नका. आवळलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, तिथली कातडी आणि स्नायू मरताहेत हे दोन-तीन दिवसांनी दिसू लागतं. उंदरांच्या चिकट सापळ्यावर सापडलेल्याला खेचून सोडवायचं नाही. मोकळ्या डिंकावर कागदाचे तुकडे चिकटवून टाका आणि सापळ्यासकटच केंद्रात न्या.

आपल्या घरातली वेदनाशामकं पक्ष्याला देऊ नका, अगदी कणभरही. याचा सगळ्यात भयंकर पुरावा दक्षिण आशियातल्या गिधाडांनी दिला. ती मोठ्या संख्येने का मरताहेत हे कळत नव्हतं. २००४ साली सिद्ध झालं, की गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात जातं, मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर पांढरा क्षार साचतो. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ साली भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. एका साध्या गोळीतलं रसायन एवढ्या मोठ्या पक्ष्याला मारत असेल, तर साळुंकीला आपल्या अंदाजाने दिलेल्या चतकोर गोळीचं काय होईल याचा विचार करा.

आपल्यालाही जपायला हवं. हातमोजे, तोंडावर मास्क, नंतर साबणाने हात. सुकलेल्या शिटेची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, त्यातून सिटॅकोसिससारखा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. घरात कोंबड्या किंवा पाळीव पक्षी असतील तर खोकं त्यांच्यापासून पूर्ण वेगळं ठेवा. एकाच जागी अनेक पक्षी मेलेले किंवा मान पिरगळून गोल फिरताना दिसले तर कुणालाही हात न लावता अधिकाऱ्यांना कळवा. बर्ड फ्लूची शक्यता असते.

केंद्रात पक्षी देताना तो नेमका कुठे सापडला, किती वाजता, जवळ काय होतं (काच, मांजर, विजेची तार, रस्ता) आणि तुम्ही त्याला काय दिलं, हे एका कागदावर लिहून खोक्यावर चिकटवा. काही चुकीचं दिलं असेल तर तेही लिहा, कुणी रागावणार नाही. जागा नीट लिहिणं सगळ्यात महत्त्वाचं. बरा झालेला पक्षी शक्यतो तिथेच सोडतात, कारण पाणी कुठे आहे, रात्री बसायचं कुठे, जोडीदार कुठे आहे, हे त्याला तिथलंच ठाऊक असतं. सोडण्याआधी मोठ्या बंदिस्त जागेत तो उंच उडतो का, वळतो का, दमतो का, भिजल्यावर पिसांवरून पाणी ओघळून जातं का, हे सगळं तपासतात. दिवसाचे पक्षी कोरड्या हवेच्या सकाळी सोडतात, म्हणजे खायला शोधायला पूर्ण दिवस मिळतो. घुबडं संध्याकाळी. तुम्हाला सोडताना हजर राहायचं असेल तर तसं आधीच सांगून ठेवा, बरीच केंद्रं आनंदाने बोलावतात.